रेघेवरची माय

लग्न होऊन बालाघाटला आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी शेजारच्या पुरुषाने मला अंगठा दाखवला.

मी परसात केस वाळवत उभी होते. कुंपणापलीकडे पायजमा-बंडीतला एक उंच माणूस. एक डोळा गच्च मिटलेला, हात ताठ माझ्याकडे, आणि मुठीतून अंगठा वर. मी एकोणीस वर्षांची, नागपूरची, कॉलेजात पुरतं एक वर्ष बसलेली. अंगठ्याचा अर्थ मला कळत होता आणि मिटलेल्या डोळ्याचा तर त्याहून जास्त कळत होता. धावत आत गेले. सासूबाई (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो) सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी सूप थांबवलंसुद्धा नाही.

"तुह्याकडे नसन पाहत तो. तुह्या मांगं चिचेचं झाड हाय न, ते मोजून राह्यला असन."

खरं सांगते, अंगठा दाखवल्याचा मला जेवढा राग आला नव्हता, तेवढा आपण चिंचेच्या झाडाच्या आड येत होतो याचा आला. त्या काळात मी फार सुंदर आहे असं माझं एकटीचं मत होतं.

हे शिवणकर मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून अख्खं गाव त्यांना 'डिराइंग मास्तर' म्हणायचं. वय चाळिशीचं, घरात एकटे. लग्न एकदा जमत आलं होतं म्हणे. किरनापूरला मुलगी पाहायला गेले, ती बिचारी पोह्यांची बशी घेऊन समोर आली, आणि मास्तरांनी एक डोळा मिटून तिच्यावर अंगठा धरला. त्यानंतर या जिल्ह्यात कोणी त्यांच्यासाठी पोहे भिजवले नाहीत.

बाजारच्या रंगांवर त्यांचा विश्वास नव्हता. काळ्या रंगासाठी भरवेलीच्या खाणीतून मँगनीजचा दगड आणायचे आणि पाट्यावर वाटायचे. त्याच पाट्यावर चटणीही वाटायचे, त्यामुळे त्यांच्याकडची चटणी खाऊन आलेला माणूस दोन दिवस दात न दाखवता हसायचा. बाकीचे रंग आमच्या स्वयंपाकघरातून जात.

"सूनबाई, चिमटीभर हयद देता का?"

"भाजीला का मास्तर?"

"नाई, उन्हाले."

मी हळद द्यायचे आणि मागून आत्याबाई म्हणायच्या, "उन्हाले हयद लावून राह्यला, अन् सोता सकाळची खिचडी संध्याकाळी खाते."

त्यांचं एक पालुपद होतं : "पयले पाहा, मंग बोला." ते कुठेही चालायचं. भाजीवाली भाव सांगायला लागली की वांग्याकडे बोट दाखवून "पयले पाहा, मंग बोला." एकदा ताप आला म्हणून डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तर यांनी जीभ काढून दाखवली, आत घेतली आणि म्हणाले, "पयले पाहा, मंग बोला." मला तर रोजच ऐकावं लागायचं, कारण मी नेमकं उलटं करायचे. आधी बोलायचे आणि मग पाहायचं राहूनच जायचं.

या माणसाचा आवाज एकाच विषयावर खाली यायचा. तो म्हणजे माई, त्यांची आई. खैरलांजीकडे त्यांची धानाची शेती होती. वडील गेल्यावर दोघा भावांत वाटणी झाली आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आईचीही पाळी ठरली. सहा महिने मोठ्याकडे नागपूरला, सहा महिने धाकट्याकडे बालाघाटला. ते ठीक चाललं होतं. पण मग वर दिल्लीत प्रांतांची वाटणी झाली. नागपूर तिकडे गेलं, बालाघाट इकडे राहिलं. कचेरीचे कागद नागपूरऐवजी भोपाळला जायला लागले. गोंदियाची छोटी लाईन तीच, डबे तेच, डब्यात भजी विकणाराही तोच. पण नागपूरच्या सरकारी कचेरीत बसणाऱ्या मोठ्या भावाने पत्र टाकलं : आता तो दुसरा प्रांत झाला. माईचं नाव इकडच्या मतदारयादीत आहे, दवाखानाही इकडचाच. तेव्हा पाळीचं पुढे पाहू.

त्या 'पुढे पाहू'ला दोन वर्षं होऊन गेली होती. मास्तर माईची खोली दर महिन्याला सारवून घ्यायचे. सारवणाऱ्या बाईने एकदा विचारलं, "गुर्जी, इथं राहते कोन?" मास्तर म्हणाले, "येऊन राह्यली." म्हणजे येतेच आहे.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाने हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. कोणी मण्यांचा मोर ठेवला, कोणी नारळाच्या करवंटीचं बदक. मी एक रुमाल ठेवला होता. त्यावर मी गुलाब भरला होता, लोकांना तो कोबी वाटला. आणि समोरच्या भिंतीवर, पलंगपोसाएवढ्या खादीवर, मास्तरांचं चित्र.

चित्र असं होतं. एक मोठं अंगण. अंगणाच्या मधोमध, फाटकापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत, चुन्याची एक पांढरीफेक रेघ. ती रेघ विहिरीवरून जात होती, चुलीवरून जात होती, आणि चुलीपुढे बसलेल्या एका म्हातारीच्या बरोबर मधून जात होती. म्हातारीचं अर्धं अंग उन्हात, अर्धं सावलीत. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं, दोघेही पाठमोरे. खाली नाव नाही, काही नाही. चित्रापुढे एक स्टूल, स्टुलावर मास्तर, चित्राकडे पाठ करून.

"मास्तर, तुम्ही उलटे का बसलात?" मी विचारलं.

"चित्र म्या पाह्यलं हाय. आता पाहनारे पाहून राह्यलो."

पाहणारे पाहण्यासारखेच होते. आमच्या भागात घर म्हटलं की वाटणी आली, आणि वाटणी म्हटली की प्रत्येक जण वकील. बायका चित्रापुढे आल्या आणि थेट चुलीवर गेल्या.

"जुनी चूल मोठ्याची असते. मंग हे मंधात काहून?"

"मोठ्याच्या बायकोनं सोडली नसन."

"अवो, धूर पाहा न धूर! सारा उजवीकडे जाते. रांधन एक अन् खोकलन दुसरी!"

खैरलांजीचा एक शेतकरी बराच वेळ रेघेकडे पाहून म्हणाला, "पटवारी नवीन दिसते. विहीर कोनी अशी कापते काय? बालटी कोनाकडून टाकाची?" विहिरीवर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी सकाळी डाव्याने आणि संध्याकाळी उजव्याने पाणी भरावं असा निवाडा देऊन मंडळी गेली. म्हातारीबद्दल कोणी काही बोललं नाही. तिची पाळी ठरलेलीच असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेंढे बंधू आले. भाऊराव थोरले, नामदेव धाकटे, आमच्याच गल्लीतले. दोघांच्या घराची वाटणी तेव्हा खरोखरच चालू होती. चित्र पाहताक्षणी भाऊरावांचा चेहरा लाल.

"मास्तर, माह्यं घर तुमी चव्हाट्यावर टांगलं!"

"पयले पाहा, मंग बोला," मास्तर म्हणाले.

त्यांनी पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, बोटं पसरून वितीने मोजलं. डावीकडे साडेचार वीत भरली, उजवीकडे चार. आता नामदेव उसळले. "म्हंजे? माह्या हिश्शात अर्धी वीत कमी? हे कोनी सांगतलं तुमाले?" ते घरी गेले आणि सुतळी घेऊन आले. दोघे भाऊ एकेक टोक धरून चित्र मोजायला लागले. वर्षभर एकमेकांशी न बोललेले ते दोघे, "जरा खाली धर," "ताण न लेका," असं बोलत होते. मास्तर स्टुलावरून त्यांच्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला असता, तर पुढचा मूर्खपणा केला नसता.

पण मी हुशार होते ना! शनिवारी हॉल माणसांनी भरलेला. बायका चुलीवरून, पुरुष विहिरीवरून, मेंढे अर्ध्या वितीवरून भांडत होते. मला त्या सगळ्यांची कीव आली. मी पदर सावरला, घसा साफ केला आणि माझ्या खास शुद्ध मराठीत मोठ्याने म्हणाले :

"हे कौटुंबिक चित्र नव्हेच! हे प्रांतरचनेवरचं अत्यंत प्रखर भाष्य आहे! ही वृद्धा म्हणजे आपण सीमेवरचे लोक, आणि हे दोन पाठमोरे पुरुष म्हणजे दोन सरकारं!"

मला वाटलं, आता टाळ्या पडतील. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पाट्यावर पाय दिला होता. माझं सगळं बरोबर होतं, अगदी शब्दन् शब्द. आणि नगरपालिकेतले एक मेंबर माझ्या मागेच उभे होते.

"सरकार? कहाँ है सरकार?" ते पुढे आले. चष्मा लावून त्यांनी दोन्ही पाठमोऱ्या माणसांची पाठ तपासली. "मास्टर साहब, आप तो सरकारी नौकर हैं ना? कल इतवार है, बड़े-बड़े लोग आएँगे। इसे आज ही उतारिए।"

तीन दिवसांत मास्तर पहिल्यांदा स्टुलावरून उठले. पालुपद नाही, काही नाही. हात जोडले.

"इतवारपर्यंत राहू द्या जी. मंग मी सोताच उतरवतो."

"इतवार तक ही क्यों?"

मास्तर खाली पाहत बोलले. बोलले मराठीतच. त्यांना त्या वेळी दुसरी भाषा सुचली नसावी. "भावाले लिवलं हाय. माहं चित्र लागलं, माईले दाखवाले आन. चित्रासाठी हो म्हनला तो. उद्या दुपारच्या गाडीनं येऊन राह्यली. चित्रच नसलं, तं तो तिले टेसनवरूनच वापस नेईन जी."

माझ्या अकलेमुळे एक म्हातारी एवढ्या लांबून येऊन मुलाचं घर न पाहता परत जाणार होती. सगळ्यांच्या चुकीमुळे जे सुखरूप होतं, ते माझ्या बरोबर असण्यानं बुडालं होतं. जन्मात पहिल्यांदा मी ठरवलं, की आपण चूक व्हावं.

"नाही हो मेंबरसाहेब," मी म्हणाले, "मी आपलं पुस्तकातलं काहीतरी बोलले. हे तर या मेंढ्यांचं घर. विचारा ना त्यांनाच!"

भाऊराव सुतळी घेऊन तयारच होते. "हौ! माह्यंच घर हाय हे."

"तुह्यं?" नामदेव गरजले. "उजवीकडचं माह्यं हाय! विहिरीसकट!"

"विहीर कोनाच्या बापानं खोदली?"

"तुह्या अन् माह्या एकाच बापानं खोदली न बे!"

मेंबरसाहेबांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "अच्छा अच्छा! तो यह घरेलू मामला है।"

"हौ जी," मास्तर म्हणाले. "घरेलूच हाय."

आपल्या चित्राचा अर्थ मास्तरांनी आयुष्यात एवढ्या एकाच वेळी सांगितला असेल. मला वाटलं, मला वाचवायला खोटं बोलले. त्यात खोटं काहीच नव्हतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

रविवारी माई आली. सुपाएवढी बाई, नऊवारी लुगडं, हातात कापडाची पिशवी. मागे मोठा भाऊ, कोट घातलेला, सारखा घड्याळ पाहणारा. त्याला संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं, माईला घेऊन. माईला चित्रापुढे आणलं. त्या पाठमोऱ्यांत आईने आपल्याला ओळखावं म्हणून, की चित्रातल्या बाईत तिने स्वतःला ओळखावं म्हणून, कोण जाणे, पण मास्तरांची मान पुढे आली होती.

माईने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. अगदी जवळ गेली. मग मागे वळून म्हणाली, "आंगनात हे काय सांडलं?"

"पाहा न माई," मास्तर म्हणाले.

"पाह्यलं म्हनून तं इचारून राह्यली. म्हातारी बसली हाय चुलीपुढे, अन् इतला चुना सांडून ठेवला. तिनं उठाचं कसं, बसाचं कसं?"

असं म्हणून माईने लुगड्याचा पदर जिभेला लावून ओला केला, लेकरांचं तोंड पुसताना करतात तसा, आणि ती पांढरी रेघ घासायला लागली. मंडळाचे चिटणीस "अहो, अहो!" करत धावले. मास्तरांनी त्यांना हाताने अडवलं.

"पुसू द्या."

रेघ पूर्ण गेली नाही. वीतभर पुसली, आणि चुलीवर एक ढगासारखा डाग पसरला. माईने पदर पाहिला, झटकला. "निघत नाई मेलं. सोडा लागन."

मोठ्या भावाने घड्याळ पाहिलं. "माई, पाहून झालं ना? चल. गाडीची वेळ होते."

"कोनाची पाळी हाय?" माईने विचारलं.

"अगं, तो विषय वेगळा. आता हा दुसरा प्रांत झाला."

"मले तं कोठीच दिसला नाई बाप्पा. गोंदियाले गाडी बदलली, इथं उतरली. मंधात नुसतं धान उभं होतं." तिने पिशवी उचलून मास्तरांच्या हातात दिली आणि मोठ्याकडे वळली. "दोन वरसं तुह्याकडे झाले. मले मोजता येते. होळीले ये न्यायला. रीत मोडाची नाई."

मोठा भाऊ एकटा गाडीत बसला. चित्र मास्तरांनी त्याच संध्याकाळी उतरवलं, मेंबरसाहेबांना दिलेला शब्द पाळून. डाग मात्र कधी दुरुस्त केला नाही.

त्यानंतरचे सहा महिने आमच्या कुंपणापलीकडून एकच आवाज येत राहिला. "गोविंदा! दगड वाटाचा तं दुसरा पाटा आन!" "गोविंदा, हे खिचडी कोनत्या जन्मातली?" "गोविंदा, एक डोया मिटून काहून पाहतं रे, दुखते काय?" मास्तर मुख्याध्यापकांचं ऐकत नसत, डॉक्टरचं ऐकत नसत, पण इथे खाली मान घालून "हौ माई, हौ माई" चालायचं. अंगावर मांस चढलं. सदऱ्याला सगळी बटणं आली. रंगासाठी हळद मागायला ते एकदाही आले नाहीत. मी विचारलं, "मास्तर, नवीन चित्र?"

"फुरसत कोठी हाय सूनबाई? माई बोलून राह्यली न."

होळी झाली आणि मोठा भाऊ आला. रीत ती रीत. मास्तरांनीच तिला छोट्या गाडीत खिडकीशी बसवलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या दारात कोणी उभं असल्यासारखं वाटलं. मास्तर होते. केस पिंजारलेले, कालचीच बंडी, पायात चपला नाहीत.

"हळद पाहिजे का?" मी विचारलं.

"नाई." ते उंबऱ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, थोडं बोलता का मले?"

"काय बोलू?"

"काईबी. रागवा न जराशा."

मी, जी कोणालाही कधीही काहीही बोलू शकायची, जिला गप्प बसवायला घरात चार माणसं कमी पडायची, ती मी दारात नुसती उभी राहिले. हसावं की काय करावं तेही कळेना.

आतून सूप थांबल्याचा आवाज आला. आत्याबाईंनी मास्तरांना त्या दिवसापर्यंत कधी नावाने हाक मारली नव्हती. त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या :

"काय रे गोविंदा! दहा वाजले न! आंघोय नाई, काई नाई, अन् असा लोकाईच्या दारात उभा राह्यला! शाळेत काय असाच जातं? जाय पयले, पानी टाक आंगावर!"

मास्तर ताठ झाले. "हौ माय," म्हणाले. "जातो."

आणि गेले. विहिरीवर बादली आपटल्याचा आवाज मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहा वाजता ते पुन्हा तसेच, बिनआंघोळीचे, येऊन दारात उभे राहिले.